बक्षीस हातात देतात का?

कन्हेरी, ता. बारामती
रविवार, ३ ऑगस्ट १९९७

चिरंजीव संघपालला आजीचा जयभीम, आणि गालाला एक चिमटा. दाढी वाढवली असशील तर दाढीला.

पाकीट फोडल्या फोडल्या तू अक्षर ओळखलं असशील. व्हय, तुझ्या बापाचंच हाय. भिऊ नको. हात त्याचा, बोल माझा. एप्रिलात एसटीडीवर तुमचं बापलेकाचं वाजलं, तवापासनं हा तुझं नाव घेत न्हाय. 'तो' म्हणतो. मग पत्र का लिहितो म्हणशील, तर आमच्या घरात तुझ्या जन्माच्या आधीपासनं एक कायदा हाय. चतुराबाई सांगंल ते समाधान मास्तरानं, तिच्या लेकानं, लिहायचं. वाढवायचं न्हाय, गाळायचं न्हाय. मी शिंकले तरी लिहायचं. आता तुझी आई सारजा माझं पत्र आनंदानं लिहील, पण तिच्याकडनं लिहून घेण्यात मजा कसली?

"आई, हे कशाला लिहायचं?" म्हणतो.

लिही मास्तर. हे पण लिही.

तू धाडलेली ताटली पोचली. जेवायची म्हणावी तर काठ उलटा, झाकण म्हणावं तर मूठ न्हाय. लाल मात्र कशी, लग्नातल्या शालूसारखी. दोन दिवस फळीवर ठेवून बघितली, मग ताकाच्या गाडग्यावर घातली. मापाची बसली. शेजारणी बघून गेल्या. मी सगळ्यांना सांगितलं, माझा नातू कॉम्प्युटरची नोकरी सोडून अमेरिकेत ही फेकत हिंडतो. कुणी हसलं न्हाय. हसू दाबल्यावर तोंड कसं होतं, तसं मात्र सगळ्यांचं झालं.

खेळ मला कळला. रानात झाडं चुकवत ताटली फेकायची, ती लांबच्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची, आणि ज्याला कमी फेकी लागतील तो पहिला. म्हणजे आपली गोफणच की! मी माहेरी वरकुट्याला ज्वारीच्या रानात माळ्यावर उभी राहून गोफण शिकले. पाखरू उडून जायला पाहिजे आणि कणसाला धक्का लागता कामा नये, असा नेम. त्यामुळं ताटली फेकतो म्हणून मला तुझी लाज वाटत न्हाय. ज्याला वाटते तो समोर बसून लिहितोय.

आता कामाचं. बक्षीस काय मिळतं? खेळ नवा होता तवा काय मिळायचं, मधी काय मिळायचं, आता काय मिळतं, सगळं कळव. पण डॉलरमधी सांगून मला उपयोग न्हाय. आमी सगळं रोजात मोजत आलो. लुगडं इतक्या रोजाचं, बैल इतक्या रोजाचा. तितला रोजानं कामाला जाणारा माणूस दिवसाचे किती घेतो ते लिही, मग मी तुझ्या खेळाची औकात काढते.

जेवत जा. मोटारीत झोपतोस म्हणं. झोप, पण पाय लांब करून झोप.

खालचा अंगठ्याचा निळा डाग म्हणजे मी.
चतुराबाई


कन्हेरी
रविवार, ३१ ऑगस्ट १९९७

लाडक्या भटक्या, जयभीम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. फळीवर ठेवून दिलं. शनिवारी मास्तर इंदापूरची शाळा सुटल्यावर घरी आला, तवा त्याच्याकडनं वाचून घेतलं. सारजानं मधीच वाचलेलं असणार, कारण मंगळवारपासनं तिच्या तोंडात गाणं हाय. मास्तरानं कसं वाचलं सांगू? तलाठ्याची नोटीस वाचावी तसं. 'मला घरची आठवण येते' हे वाक्य, आणि 'सोमवारी कालव्याला पाणी सुटणार नाही' हे वाक्य, ह्याच्या तोंडी दोन्ही सारखीच.

बक्षिसाचं समजलं. एकोणऐंशी साली खेळ नवा असताना ताटल्या करणाऱ्या एका कंपनीनं एकाच सामन्याला मिळून पन्नास हजार डॉलर मांडले. मग ते आटलं. पुढं कैक वर्षं पहिला आला त्याला गाडीच्या पेट्रोलापुरते पैसे, दोन ताटल्या आणि एक बनियन. आता परत चढायला लागलंय. मोठ्या सामन्यात पहिल्याला दोन-तीन हजार मिळतात. हे झालं पहिल्याचं. आणि तू? तू नववा आलास. एकशे दहा डॉलर मिळाले, आणि उतरायची फी होती पंच्याहत्तर. मी मास्तराला विचारलं, किती उरले रे?

"पस्तीस," म्हणाला. भाकरीत खडा लागल्यावर करतात तसं तोंड करून.

तितला रोजगारी दिवसाचे चाळीस घेतो, असं तू लिहितोस. म्हणजे तीन दिवस रान तुडवून तुझा एक रोज भरला न्हाय रे बाळा! आणि सगळ्यांनी भरलेल्या फीचे पैसेच बक्षिसात घालतात, हे ऐकल्यावर तर मला ठसका लागला. ही भिशी झाली की! आपल्या आळीतल्या बायकापण भिशी लावतात, पण त्यासाठी कुणी उन्हात पळत न्हाय. चहा पिऊन चिठ्ठी काढतात.

पण तुझी एक गोष्ट मला पटली. एकोणऐंशीला एकच मोठी जेवणावळ झाली, आणि आता दर शनिवार-रविवारी गावोगाव चूल पेटते, असं तू म्हणतोस. जेवणावळीचा फोटो भिंतीवर राहतो, पोट चुलीवर चालतं. हे मला कळतं. मास्तरालाही कळतं, कारण हे ऐकताना त्यानं मान हलवली, आणि मी बघितलं म्हटल्यावर मानेवरची माशी हाकलली. माशी नव्हती.

वाचून झालं, असं म्हणून त्यानं कागदाची घडी घातली. मी म्हटलं, न्हाय झालं. तुझी नजर चार ओळींवरनं गेली आणि तोंडातनं तीनच आल्या. मला अक्षर येत न्हाय, पण तुला वाचताना मी चाळीस वर्षांच्या वर बघतीय. मग वाचली त्यानं गाळलेली ओळ. 'बाबांचा गुडघा कसा आहे?'

लिही मास्तर, कसा हाय.

"बरा आहे."

खोटं लिहू नको. बरा न्हाय, संघपाल. मांडी घालता येत न्हाय, खुर्चीवर बसून हे लिहितोय. चप्पल सारजा पुढं सारते. वाकता म्हणून येत न्हाय.

वाकण्यावरनं तू विचारलेलं आठवलं. फोनवर बाबा म्हणाले, 'आपण बक्षिसासाठी वाकणारी माणसं न्हाय.' म्हणजे काय, असं तू विचारतोस. ह्याचं उत्तर मला ठाऊक हाय. मास्तराला वाटतं, त्यालाही ठाऊक हाय. आज ते नको.

शेवटचं. वीस डिसेंबरला येतोस, हे वाचून सारजानं आतनं भांडं पाडलं. पण तू पुण्याला तुझ्या दोस्ताकडं, मिहिरकडं राहणार. कन्हेरीला बाबांनी बोलावलं तरच येणार. 'अक्षर त्यांचं पुरणार नाही आजी, बोल त्यांचा पाहिजे,' असं लिहिलंयस. तू पण त्याचाच पोरगा शोभतोस.

मी मास्तराला म्हटलं, लिही, ये.

"तू म्हणतेस म्हणून लिहितो. ये."

बघ, लिहिलं. पण हा माझा 'ये' हाय. त्याचा त्याच्या पोटात हाय, अजून वर आला न्हाय.

निळा डाग, नेहमीचाच.
चतुराबाई


कन्हेरी
रविवार, २८ सप्टेंबर १९९७

संघपाल, जयभीम, आणि हे नीट बसून वाच.

आज सकाळी हिंदुराव येऊन गेले. कालव्याच्या पलीकडच्या गावचे. माझ्याहून चार वर्षांनी धाकटे असतील, पण मिशा माझ्या सासऱ्याच्या वयाच्या. नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. खुर्चीवर टेकले आणि नजर गेली ताकाच्या गाडग्यावर.

"चतुराबाई, हे काय लाल लाल?"

"नातवाचं हत्यार."

"फेकतो म्हणं ते?"

"फेकतो, आणि पैसे मिळवतो."

"किती?"

"रोजाला पाच कमी."

"मग आमच्या जत्रेपरीस बराय की!" असं म्हणून हसले.

तुला जत्रेचं ठाऊक नसंल. त्यांच्या गावच्या जत्रेला गोफणीचा डाव असायचा. लांब बांधावर मडक्यांची उतरंड मांडायची. गोफणीच्या धोंड्यानं वरचं मडकं फोडायचं आणि खालच्यांना धक्का लावायचा न्हाय. फक्त पुरुषांनी. मी म्हटलं, हिंदुराव, तुमच्या जत्रेनं तरी काय दिलं हो? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. ते पोर होते तवा नुसता नारळ. मग नारळ आणि वर खण. लढाई संपली त्या साली पाच रुपये. पुढं परत नारळ, कारण पैसे कुठं गेले ते पंचांनाच ठाऊक. आणि चोपन्न साली, पितळेची परात.



ती परात तू बघितलीयस. सारजा माझं पीठ तीत मळते. मास्तराचं पीठ वेगळं, स्टीलच्या ताटात. तो म्हणतो, पितळेनं पोट बिघडतं. तेहतीस वर्षं मुलांना गणित शिकवतो हा माणूस, आणि एका घरात एका माणसाचं पोट पितळेनं बिघडतं आणि बाकीच्यांचं न्हाय, हे गणित त्यानं कधी फळ्यावर मांडलं न्हाय.

चोपन्न साली ती परात तुझ्या आजोबांनी, म्हणजे अप्पांनी जिंकली. दीक्षेच्या दोन वर्षं आधी. त्या काळी आमाला कुणी काही हातात देत नसत. मास्तर नऊ वर्षांचा होता, गर्दीत मोठ्यांच्या पायांमधी उभा होता.

हिंदुराव मास्तराकडं बघून म्हणाले, "गुरुजी, ती परात खाली मातीत ठेवणारा मीच. थोरली माणसं म्हणाली, हातात द्यायची न्हाय, ठेव खाली. ठेवली."

"ठाऊक आहे, तात्या. मी तिथंच होतो."

"मग हे पण ठाऊक असंल, की तुझा बाप पाठ फिरवून निघाला होता."

"नाही. ते वाकले. मी बघितलं."

"वाकला, पण मागनं. आधी निघाला. चार पावलं गेला. मग बायांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, 'उचला!' तवा तो माघारी आला. गर्दीत तू खाली होतास, तुला काय दिसणार? मला वरनं दिसत होतं."

मग त्यांनी ताक प्यायलं. दुसरा पेला मागून घेतला. पत्रिका माझ्या हातात दिली, हळदीकुंकवाचं बोट लागलेली, आणि म्हणाले, "यायचं बरं का, चतुराबाई." आणि गेले. ते दुसरं काही बोलायला आले होते का, ते मला सांगता येणार न्हाय. माणूस पत्रिका द्यायला पोराला पण धाडतो.

कोण ओरडलं हे मला ठाऊक हाय. मास्तर मान वर करून माझ्याकडं बघतोय. लिही म्हटलं तर हेही लिहिलं. आज एवढंच.

चतुराबाई. डाग जरा फिसकटला.


कन्हेरी
रविवार, १२ ऑक्टोबर १९९७

संघपाल,

चिमटा पुढच्या वेळी.

मधल्या रविवारी मास्तर आला, जेवला, पेपर तपासले, गेला. कोण ओरडलं हे विचारलं न्हाय. विचारणार न्हाय हे मला माहीत होतं, मी ह्याला नऊ महिने पोटात बाळगलाय. म्हणून आज मीच म्हटलं, कागद काढ, पोराला पत्र लिहायचंय. तोंडावर सांगितलं असतं तर हा उठून रानाकडं गेला असता. पत्र लिहिताना उठता येत न्हाय. कायदा हाय.

तर संघपाल, ओरडले ती मी.

गरिबी होती म्हणून ओरडले, असं मला म्हणता आलं असतं. लोक मान हलवतील आणि मला सोडून देतील. पण ते खरं न्हाय. घरात पीठ मळायला काठवट होती, चांगली होती. मला ती परात पाहिजे होती. आणि का पाहिजे होती ते ऐक. त्या वर्षी दोन महिने मी तुझ्या अप्पांना गोफण शिकवली होती. ते कालव्यावर माती उपसणारे, खांद्यात जोर लई, पण नेम म्हणशील तर बैलाला मारला तर गाडीला लागायचा. सांजच्याला रानात मी त्यांचा कोपर धरून सांगायची, हितं सोडा, आता सोडा. जत्रेत त्यांनी धोंडा सोडला तवा बायांच्या घोळक्यात माझाही हात फिरला. वरचं मडकं फुटलं, खालचं हललं न्हाय. तो नेम माझा होता. ते बक्षीस माझं होतं. आणि ते मातीत टाकून हे निघाले. रागानं निघाले, बरोबर निघाले. पण मला विचारलं न्हाय. म्हणून माझ्या तोंडातनं गेलं, "उचला!"

ते थांबले. माझ्याकडं न बघता माघारी आले आणि वाकले.

हितं मास्तराची लेखणी थांबली. शाई संपली म्हणतो. बॉलपेनची शाई अशी वाक्याच्या मधोमध संपत न्हाय. बाहेर जाऊन तोंड धुऊन आला. बसला. लिहितोय.

आता त्या कायद्याचं. दुसऱ्या वर्षी अप्पा इंदापूरकडं कारखान्याच्या कामाला होते. जत्रा जवळ आली तवा मी मास्तराकडनं, चौथीत होता हा, कार्ड लिहून घेतलं. 'जत्रेला या. उतरंडीचा नेम मी धरून ठेवलाय.' अप्पा आले न्हाईत. मी रुसले. आगुटीला, पावसाच्या तोंडावर, घरी आले तवा कार्ड त्यांच्या खिशात होतं, घडी पडून पडून चार तुकडे झालेलं. त्यात लिहिलं होतं, 'जत्रेला येऊ नका.' एवढंच. कारखान्यातल्या कारकुनानं त्यांना वाचून दाखवलं होतं.

मी म्हटलं, मी असं सांगितलं न्हवतं.

म्हणाले, "ठाऊक हाय. तू मला येऊ नका म्हणायची न्हाईस. हे पोरगं म्हणतंय. म्हणून तर आलो न्हाय."

त्या दिवशी कायदा झाला. आणि गोफण आढ्याला गेली ती त्यांनी परत कधी काढली न्हाय. मी एकदा विचारलं, कोण ओरडलं ते पोराला सांगू का? म्हणाले, "नको. एक जण वाकलेला त्यानं बघितलाय. दुसरं तरी सरळ उभं दिसू दे त्याला."

अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. मास्तरानं शेवटपर्यंत त्यांचं सगळं केलं. पाय दाबले, ससूनला नेलं, औषधं चमच्यानं घातली. पण ह्यानं आपल्या बापाला कधी काही विचारलं न्हाय, आणि बापानं सांगितलं न्हाय, आणि मी दोघांच्या मधी बसून भाकरी थापत राहिले. माझ्याइतकी बडबडी बाई गावात न्हाय, आणि हे एक तेवढं माझ्या तोंडातनं त्रेचाळीस वर्षं निघालं न्हाय. माझा पण काही भरवसा न्हाय बघ.

म्हणून तुझा बाप 'बक्षिसासाठी वाकणारी माणसं न्हाय' म्हणतो. तुझ्या पस्तीस डॉलरवर त्याचा राग न्हाय. त्याला तू ताटलीमागं वाकलेला दिसतोस, आणि तुझ्या जागी दुसराच कुणी दिसतो.

आता एकच विचारते. किती मिळतं ते कळलं. तवा किती आणि आता किती, तेही कळलं. पण ते बक्षीस देतात कसं रे तितं? हातात देतात का?

चतुराबाई


कन्हेरी
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

चिरंजीव संघपालला जयभीम, आणि मागचा राहिलेला धरून दोन चिमटे.

तुझं उत्तर बुधवारी आलं. दिवाळीच्या सुट्टीनं मास्तर घरीच होता. पोस्टमनच्या हातनं त्यानंच घेतलं आणि उभ्या उभ्या फोडलं. मी म्हटलं, मोठ्यानं. मोठ्यानं वाचलं. ह्या वेळी नोटिशीसारखं न्हाय. वर्गात चांगल्या पोराचा पेपर वाचून दाखवतात तसं. एक तुकडा तर त्यानं दोनदा वाचला, आणि मी सांगितलेलं न्हवतं. तोच तुकडा मी त्याला आता परत लिहायला लावतीय, म्हणजे त्याचा तिसऱ्यांदा होईल.

'हातात देतात, आजी. झाडाखाली टेबल मांडतात, नाव पुकारतात, पाकीट हातात देतात आणि वर हात मिळवतात. पण वाकण्याचं म्हणशील तर आम्ही दिवसभर वाकतो. ताटली टोपलीत पडली तर वाकून काढायची, चिखलात पडली तर वाकून उचलायची. ज्याची त्यानं. पहिला नंबर असला तरी त्याचीसुद्धा कुणी उचलून देत नाही. परातीची गोष्ट मी इथं तिघा-चौघांना सांगितली. सगळ्यांनी एकच विचारलं, तुझ्या आजीचा नेम खरंच इतका चांगला होता?'

होता म्हणं! मी लगेच उठले. गाडग्यावरनं ताटली काढली, धुतली, अंगणात गेले. सारजा म्हणाली, "आत्या, पडाल." मी म्हटलं, पडले तर तुझा नवरा पत्रात लिहील. समोर शेवग्याला टोपली टांगलेली असते, लसणाची. नेम धरला. हात फिरवला. ताटली निघाली ती सरळ निघाली, मग मधीच तिला काय सुचलं कोण जाणे, डावीकडं वळली, गोठ्याच्या कौलावर टेकली आणि पलीकडं उकिरड्याच्या कडेला जाऊन पडली. धोंडा असा वळत न्हाय. तुमच्या खेळात धोंड्याची इमानदारी न्हाय, हे मात्र मी सांगून ठेवते.

मी म्हटलं, राहू दे, सारजा आणंल.

पण मास्तर गेला. कुणी 'उचला' म्हटलं न्हवतं. एक हात गुडघ्यावर ठेवला, शेवग्यावर एकदा टेकला, आणि हळूहळू खाली गेला. किती येळ खाली होता! मला वाटलं, आता ह्याला उठवायला माणसं बोलवावी लागतात. मग उठला. ताटली हौदावर धुतली, सदऱ्याला पुसली, आणि आणून माझ्या हातात दिली.

"डावीकडं का वळली असेल?" म्हणाला.

मी म्हटलं, त्याला विचार. तुझ्या लेकाला. मी अडाणी बाई.

"संघपालला ठाऊक असेल," म्हणाला.

ऐकलंस? सात महिन्यांनी. माझ्या कानाला काही झालं न्हाय, सारजानंपण ऐकलं. तिनं त्या दिवशी सगळं पीठ एकाच परातीत मळलं. तिनं ताटात वाढलं, त्यानं खाल्लं. अडीच भाकऱ्या. पोटाचं अजून तरी काही ऐकलं न्हाय.

तर माझं एवढंच. हिंदुरावांच्या नातवाचं लग्न पुढच्या रविवारी हाय, मी जाणार हाय, आणि ती परात आहेर म्हणून द्यावी का, असा माझ्या मनात इचार होता. पण न्हाय देणार. माझी हाय ती. त्यांना स्टीलचा डबा देईन.

थंडी पडलीय. आजीला गोधडी पुरते. तू स्वेटर आण.

झालं, मास्तर. दे इकडं शाई, अंगठा लावते.

अरे, झालं म्हटलं ना? मी गप्प बसलेय आणि ह्याची लेखणी चाललीय. काय लिहितोस रे? कायदा मोडतोस? मला अक्षर येत न्हाय, पण मी किती बोलले आणि तू किती लिहिलंस ते मला बरोबर कळतं.

सांगत न्हाय. कागदावर हात आडवा धरलाय, चौथीतल्या पोरासारखा. लिही बाबा. लिही.

चतुराबाई. डाग वर लावलाय, खाली जागा लागेल असं दिसतंय.


संघपाल,

इथून पुढचं आईनं सांगितलेलं नाही.

ती ताटली डावीकडं का वळते, ते मला समजावून सांग. मी दोन दिवस कागदावर आकृत्या काढतोय, जमत नाही.

एकवीस डिसेंबरला रविवार आहे. मिहिरला म्हणावं, सकाळी स्वारगेटला सोड. बारामतीच्या पहिल्या गाडीत बस. मी स्टँडवर असेन. गाडीतून उतरलास की बॅग खाली ठेव. मी उचलतो.

ये.

बाबा